चुंबकाला थंडी वाजते

कोल्हापुरात मोटर डिझाइन करत नाहीत, फोडतात. गिऱ्हाईक कुठलीतरी परदेशी मोटर पिशवीत घालून आणतं, टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "अशीच पायजे, निम्म्या दरात." मग ती लेथवर धरून उघडायची, आतले भाग सुटे करायचे, व्हर्नियरने मापं घ्यायची, तारेचे फेरे मोजायचे आणि तसंच्या तसं करून द्यायचं. मूळ मोटर बनवणाऱ्याने एखादं भोक चुकून पाडलं असेल तर तेही आपल्या मोटरीत येतं. आमच्या एका मोटरीच्या झाकणाला तीन भोकं आहेत आणि स्क्रू दोनच बसतात. तिसरं कशासाठी, हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगू शकलेलं नाही. बुजवू या का म्हटलं की मालक म्हणतात, "ऱ्हाऊ द्या मॅडम. त्येंनी पाडलंया म्हंजे कायतरी इचार केला असंलच की."

माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'डिझाइन' असं लिहिलेलं आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत अशी पाटी असलेली टेबलं मोजकीच असतील, आणि त्यांच्यामागे बसणाऱ्यांपैकी निम्मे लोक फोडायचंच काम करतात. मी गणित करते. याचा मालकांना अभिमान आहे, म्हणजे गिऱ्हाईक आलं की ते मला दाखवतात. "ह्या आमच्या मॅडम. सगळं कागदावर काडत्यात." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि चहा पितं. कागद बघायला कुणी मागत नाही.

कायमचं चुंबक असलेली डीसी मोटर दिसायला फार साधी. एक लोखंडी नळकांडं, त्याला आतून चिकटवलेल्या चुंबकाच्या दोन कमानी आणि मधे फिरणारं आर्मेचर. आर्मेचर म्हणजे पत्र्याच्या चकत्या रचून केलेला गाभा, त्याच्या खाचांत तांब्याची तार गुंडाळलेली. कार्बनचे दोन तुकडे त्याला वीज पोचवतात. बॅटरी जोडली की फिरायला लागतं. इतकी साधी, म्हणूनच ती आपल्याला कळते असं ज्याला त्याला वाटतं. प्रत्यक्षात तिच्यात एक गोष्ट हलवली की चार बिघडतात. फेरे कमी केले की वेग वाढतो आणि जोर घटतो. तार जाड घेतली की खाचेत मावत नाही. चुंबक आणि गाभा यांच्यातली फट कमी केली की जोर मिळतो, पण बेअरिंग जरासं झिजलं की मोटर आतून घासते. आणि चुंबक जाड केलं की जावईबापू खर्चाचं विचारायला येतात.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. पुण्यात व्यवस्थापन शिकून आले आणि थेट केबिनमध्ये बसले. खाली मशीनवरची माणसंही त्यांना जावईबापूच म्हणतात, तेही तोंडावर, आणि त्यांना तो मान वाटतो. कुठल्याही अडचणीवर त्यांचा एकच उपाय असतो. "आपण रेअर अर्थ लावू या ना, मॅडम. सगळं जग रेअर अर्थवर गेलंय." आमच्या मोटरीत फेराइटचं चुंबक असतं, काळं, ठिसूळ, कपबशीसारखं फुटणारं आणि स्वस्त. रेअर अर्थचं लावलं तर मोटरीच्या किमतीत गिऱ्हाईक घोडा घेईल. हे मी त्यांना वर्षातून सरासरी दोनदा समजावते.

आणि तपासणी. तिच्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. नव्या मोटरीचा पहिला नग तयार झाला की आमच्याकडे त्याला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो, आणि मग मालक फडकं घेऊन फिरता शाफ्ट मुठीत धरतात. मूठ हलली की म्हणायचं, "दम हाय." त्यानंतर टॅकोमीटरवर मोकळ्या मोटरीचा वेग बघायचा. ठरलेल्यापेक्षा जास्त आला की पेढे. ओझं न लावता मोटर किती पळते यावरून ती किती ओढेल हे ठरवणं म्हणजे पैलवानाला तालमीबाहेर पळवून कुस्तीचा निकाल लावण्यासारखं आहे. हे वाक्य मी एकदा मालकांना ऐकवलंही होतं. कोल्हापूरच्या माणसाला कुस्तीचा दाखला दिला की पटेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "पळाय येत न्हाय तो पैलवान कसला?"

गेल्या वर्षी कर्नाटक सीमेकडच्या एका खासगी आइस्क्रीम कारखान्याने आठ मोटरी मागवल्या. त्यांच्या शीतगृहात बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या होत्या, खोकी इकडून तिकडे न्यायला. जुन्या मोटरी जळल्या होत्या. त्यांचा देखभालीचा माणूस एक मोटर पिशवीतून घेऊन आला. ही फोडायची नाही, नवीन काढायची, असा मी हट्ट धरला. जुन्या मोटरी का जळल्या हे माहीत नसताना त्यांचीच नक्कल करणं म्हणजे जळकी मोटर मुद्दाम बनवणं. मालक कसे कोण जाणे, हो म्हणाले.

तीन आठवडे काम केलं. प्रत्येक मोटरीसाठी माझी तपासायच्या मुद्द्यांची एक यादी असते, सत्तावीस मुद्द्यांची. पत्र्यातून जाणारं चुंबकत्व, तारेचा भार, कार्बनवरचा दाब, गाडी अडकली तर येणारा प्रवाह, तापलेल्या चुंबकाची ताकद. एकेका मुद्द्यापुढे बरोबरची खूण करत मी सत्ताविसाव्यापर्यंत आले. प्रत्येक कॉइल अकरा फेऱ्यांची ठरली. ड्रॉइंगवर सही केली आणि ते वाइंडिंगला, म्हणजे तार भरायला, गेलं.

वाइंडिंगला अक्का आहेत. गडहिंग्लजकडच्या, नेसरीजवळच्या एका गावच्या, घरात कानडी आणि बाहेर मराठी, तीही तिकडच्या बायकांची, 'मी आलो, मी गेलो' अशी. राहतात कळंब्याला, येतात बसने. पंचावन्नच्या पुढे वय असेल. चौदा वर्षं आमच्या कारखान्यातलं प्रत्येक मोठं आर्मेचर त्या हाताने भरतात. यंत्र आहे, पण ते छोट्या मोटरींसाठी. जाड तारेला अक्काच लागतात. फेरे त्या कानडीत मोजतात, ओठांतल्या ओठांत, आणि मोजताना कुणी बोललं तर कॉइल उसवून पहिल्यापासून भरतात. त्यांच्या टेबलाजवळून जाताना जावईबापूसुद्धा फोन कानापासून दूर धरतात.

आठ मोटरी झाल्या, नारळ फुटला, मूठ हलली. वेग मी मांडला होता तेवढाच होता, अठराशे. पेढे आले नाहीत. मालक थोडे हिरमुसले.

दीड महिन्याने त्या देखभालीच्या माणसाचा फोन आला. गाड्या ओढत नाहीत. रिकाम्या चालतात, खोकी भरली की रडतात, आणि बॅटरी दुपारपर्यंत संपते. चार मोटरी परत आल्या. मालकांनी स्वतः एक टेबलावर चढवली आणि टॅको लावला. बावीसशे चाळीस.

"हात्तिच्या!" मालक एवढ्या मोठ्याने ओरडले की लेथवाला थांबला. "मोटरीला काय झालेलं न्हाय. उलट सुदारलीया की ही!"

दुसरी लावली, बावीसशेच्या वर. तिसरी, चौथीही तशीच. मालकांचा चेहरा फुलत गेला. मी म्हटलं, "वेग वाढला म्हणजे आत काहीतरी गेलंय. दीड महिन्याच्या वापराने मोटर सुधारत नसते."

"आवं मॅडम, मशीन सरावतंय. नवी गाडी न्हाय का पयल्यांदा जड चालती? तसं."

जावईबापूंनी तर पत्र तयार केलं. आमच्या मोटरी ठरलेल्यापेक्षा चोवीस टक्के जास्त वेग देत आहेत, तरी आपण आपल्या गाड्या तपासाव्यात. खाली सही. चारही मोटरी त्या पत्रासकट परत गेल्या. मी ते पत्र जाऊ दिलं. माझ्या सहीचं नव्हतं, एवढ्यावर.

पाचव्या दिवशी तो माणूस टेम्पोत आठही मोटरी घालून हजर झाला. सरळ टेबलापर्यंत आला आणि पत्र मालकांसमोर धरलं.

"पावणं, ह्ये कुणी लिवलंया?"

"आमच्या जावयांनी. का वं?"

"मग जावयांना आमच्या गाडीवर बसवा आनि लावा शर्यत. मला खोकी न्ह्यायची हायती. वेगाचं काय लोणचं घालू?"

लेथवाला हसला. जावईबापू केबिनमध्ये गेले. मालकांनी माणसाला चहा पाजला, आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि तो गेल्यावर अर्धा तास मोटरींकडे बघत बसले. त्या अर्ध्या तासात त्यांनी विचार केला. ही त्यांची सवय नाही, त्यामुळे निष्कर्ष धोक्याचा निघाला. वेग जास्त, जोर कमी. असं कशाने होतं? फेरे कमी असले की होतं. हे त्यांना माहीत होतं, कारण मीच कधीतरी शिकवलं होतं.

आमच्या वसाहतीच्या चौकात चहाचा गाडा आहे. दहाच्या सुट्टीला चार-पाच कारखान्यांची माणसं तिथे असतात, पलीकडच्या दोन वाइंडिंगच्या गाळ्यांतल्या बायकाही. बुधवारी मालक तिथे चालत आले. एरवी त्यांचा चहा केबिनमध्ये जातो. अक्का बाकावर बसल्या होत्या, हातात कप. मी पलीकडे उभी होते.

"अक्का, आईस्क्रीमच्या मोटरी तुमीच भरल्यासा न्हवं?"

"व्हय. मीच भरलोय."

"फेरे किती घातले?"

"अकरा. कागदावर अकरा हुते."

"मग मोटर पळतीया कशी? अकराचं धा केल्यात. तार वाचवली का हात दुखला, त्ये सांगा."

अक्कांनी कप खाली ठेवला. "चौदा वर्सं मी मोजतोय मालक. एक फेरा कमी घातला असंल तर हात तोडून देतो."

"हात काय करायचाय मला? सोमवार शंकराचा वार हाय. बेलभंडारा उचला. उचलला तर मी मानतो. न्हाय तर मग मंगळवारपास्नं दुसरीकडं बगा."

आमच्याकडे बेलभंडारा उचलायला लावणं म्हणजे शेवटचं. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन माणूस जे बोलेल ते खरं. बांधाचे तंटे, भाऊबंदांचे वाद याच्यावर तुटतात. तांब्याच्या तारेचे फेरे याच्यावर मोजल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. ज्या माणसाच्या कपाटात तीन मल्टिमीटर, एक मायक्रोमीटर आणि चुंबकत्व मोजायचं यंत्र पडून आहे, तो माणूस देवाला विचारणार होता की कॉइल दहाची आहे का अकराची. आणि आजूबाजूचे तीसचाळीस जण माना हलवत होते, की हे बरोबर, सोक्षमोक्ष लागेल.

आधी मोजायचं, मग बोलायचं, असं ठरवून मी वर माझ्या टेबलाशी आले.

गुरुवारी सकाळी आठपैकी तीन मोटरी उघडल्या. फेरे कमी असतील तर तार कमी, आणि तार कमी असेल तर तिचा विजेला होणारा विरोध, म्हणजे रेझिस्टन्स, कमी. मोटरी पाठवताना प्रत्येक आर्मेचरचा विरोध मी लिहून ठेवला होता. तिन्ही आकडे तंतोतंत जुळले. म्हणजे अक्कांचे फेरे जागच्या जागी होते. याला दहा मिनिटं लागली. बेलाचं पान लागलं नाही.

मग गेलं काय? वेग वाढायला दुसरं एकच कारण असतं, चुंबक अशक्त होणं. रिकाम्या नळकांड्यात मोजणीचं टोक घातलं. कमानीच्या मध्यावर ठीक होतं. एका कडेला काटा निम्म्यावर आला. दुसऱ्या मोटरीत तसंच, त्याच कडेला. चुंबकाची कड मेली होती. आर्मेचरमधून फार मोठा प्रवाह गेला की त्याचं स्वतःचं चुंबकत्व कमानीच्या एका कडेवर उलटं दाबतं. सहन झालं तर कमान पुन्हा होती तशी होते. सहनशक्तीच्या पलीकडे गेलं तर ती कड कायमची दुबळी होते. पण गाडी अडकली तर येणारा प्रवाह मी धरला होता. यादीत एकोणिसावा मुद्दा. खूण केलेली होती.

त्या देखभालीच्या माणसाला फोन लावला. "गाड्या सुट्टीच्या दिवशी कुठे ठेवता?"

"आतच की. भाईर काडली की घाम सुटतोय तिला, पाणी धरती. आतच उभी करायची."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी चाकं चिकटल्याली असत्यात फरशीला. बर्फ हुतंय. मग काय, बटन दाबून धरायचं. दोघं मागनं ढकलायची. सुटती दोन मिंटात."

"दोन मिनिटं बटण दाबून?"

"कवा कवा तीन."

"आत किती थंड असतं?"

"उणे बावीस. का वं ताई?"

मी फोन ठेवला आणि चुंबकाच्या कारखान्याचं माहितीपत्रक काढलं. पहिल्या पानावर दोन वक्ररेषा, एक साध्या तापमानाची, एक शंभर अंशाची. त्या मी वापरल्या होत्या. पान उलटलं. तिसरी रेषा मागे होती, उणे वीसची. फेराइटचं चुंबक गरम झालं की ताकद घटते, पण उलट दाब सोसायची कुवत वाढते. थंडीत बरोबर याच्या उलट होतं. दिसायला जोरकस आणि सोसायला कच्चं. वर तांब्याची तार थंडीत वीज जास्त वाहू देते, म्हणजे अडकलेल्या मोटरीतला प्रवाहही मी धरल्यापेक्षा मोठा. दोन्ही बाजूंनी मार.

हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही असेल. पण कोल्हापुरात एकोणीस वर्षं काम केल्यावर माणूस फक्त उष्णतेची भीती धरतो. माझ्या सत्तावीस मुद्द्यांत उष्णतेचे चार मुद्दे होते आणि थंडीचा एकही नव्हता. मोटर आइस्क्रीमच्या कारखान्यात जाणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आयुष्यभर मी फोडणाऱ्यांना हसले, भोकाचीही नक्कल करणाऱ्यांना हसले, आणि स्वतः काय केलं, तर जुनी यादी घेऊन प्रत्येक ओळीपुढे खूण केली. खूण करायचा वेग मात्र चांगला होता.

तेव्हा गुरुवारचे चार वाजले होते. त्याच वेळी उठून केबिनमध्ये जायला हवं होतं. मी गेले नाही. मनाशी म्हटलं, चूक सांगायची तर उपाय हातात घेऊन सांगावी. शुक्रवारी उपायावर बसले. चुंबक दोन मिलिमीटरने जाड, वरच्या प्रतीचं फेराइट, आणि गाडीच्या पेटीत प्रवाहाला मर्यादा घालणारं छोटं सर्किट. शनिवारी तो नीट टाइप केला. दोन्ही दिवस अक्का खाली आपल्या टेबलावर बसून दुसरी आर्मेचरं भरत होत्या. त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. पलीकडच्या गाळ्यातल्या एका बाईने गाड्यावर विचारलं, "धा घातल्यासा म्हनं?" आणि अक्का चहा न घेता परत आल्या. हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. तरीही मी परिच्छेदांना क्रमांक देत बसले.

सोमवारी सकाळी तपासणीच्या टेबलावर स्टीलची ताटली मांडलेली होती. तीत बेलाची तीन पानं आणि भंडारा. दोन महिन्यांपूर्वी ज्या कोपऱ्यात नारळ फोडला होता तिथेच. सगळे गोळा झाले होते. जावईबापू मोबाइलवर चित्रीकरण करायच्या तयारीत होते.

मालक म्हणाले, "या अक्का."

अक्का आल्या, पण ताटलीकडे बघितलंही नाही. अक्का लिंगायत; त्यांनी गळ्यातला इष्टलिंगाचा दोरा थोडा वर ओढला. "माझ्या गळ्यात लिंग हाय मालक. त्येला साक्षी ठेवून मी लगीन केलो, पोरं वाढवलो. तुमच्या तारेपायी त्येची शपथ घेनार न्हाय. मोटर फोडा आनि मोजा. तेवडं येतंय न्हवं तुमास्नी?"

मालक म्हणाले, "चांगलं आर्मेचर फोडायचं? भंडारा उचलायला काय जातंय तुमचं?"

तेव्हा मी बोलले. "फोडू या. मी सांगते म्हणून फोडा."

आर्मेचर भट्टीत घातलं, वार्निश मऊ होईपर्यंत. तासाभराने बाहेर काढलं, पक्कडीने तारेचं टोक सोडवलं आणि लेथवाला फेरा फेरा सोडत गेला. अक्का शेजारी उभ्या राहून मोजायला लागल्या. एरवी ओठांत मोजणारी बाई त्या दिवशी पूर्ण आवाजात मोजत होती. "ओंदु. एरडु. मूरु. नाकु." कानडी न येणारेसुद्धा बोटांवर धरत होते. हन्नोंदुला कॉइल संपली. "अकरा," अक्का म्हणाल्या आणि दुसऱ्या कॉइलकडे बोट दाखवलं. तिसरी झाल्यावर मालकांनीच हात वर केला. "बास. बास की."

"मग मॅडम," जावईबापू म्हणाले, "चूक नक्की कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "मोटर थंडीत चालणार आहे हे मी हिशेबात धरलं नाही. थंडीत चुंबक कच्चं होतं, आणि ते लोक गाडी अडकलेली असताना बटण दाबून धरतात. त्यात चुंबक गेलं."

मालक हसायला लागले. "चुंबकाला थंडी वाजती व्हय? काय मॅडम! अक्कांना वाचवायला कायबी सांगाल."

मी आलेख पुढे केला. मालकांनी तो हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. त्यांचा विश्वास बसला नाही, आजही बसलेला नाही. कॅटलॉगवर त्यांच्या नावाने छापलेली मोटर कागदावर चुकू शकते, हे त्यांना मान्य नाही. माणूस चुकतो, तेही खालचा. त्यांनी तिथल्या तिथे नवा निकाल दिला. आइस्क्रीमवाल्यांनी बटण दाबून धरलं, चूक त्यांची. ताटली कुणीतरी उचलून देवघराच्या कोनाड्यात नेली.

"म्हणून म्हणत होतो, रेअर अर्थ लावा," जावईबापू म्हणाले. उणे बावीसमध्ये रेअर अर्थचं चुंबक खरोखर जास्त टिकलं असतं. आयुष्यात तो माणूस एकदा बरोबर बोलला, आणि का बरोबर हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही.

सगळे पांगले. अक्का सोडलेली तार गोळा करत होत्या. मी जवळ गेले, माफ करा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"मॅडम, तुमास्नी कवा कळलं ह्ये?"

खोटं सांगता आलं असतं. "गुरुवारी."

"गुरुवारी." तार बोटांभोवती गुंडाळत त्यांनी मोजल्यासारखं केलं. "शुक्रवार, शनवार, आयतवार. आनि आज."

"उपाय तयार करत होते. म्हटलं, तोपर्यंत..."

"माझ्यावर काय उपाय करणार हुता?"

दहाची घंटा झाली. अक्का उठल्या, पदर खोचला. "चला."

"कुठे?"

"च्याला. मालक जितं बोललं तितं."

गाड्यावर नेहमीची गर्दी होती. त्या पलीकडच्या गाळ्यातल्या बायका, लेथवाले, दोन टेम्पोवाले, बेकरीचा पोरगा. अक्का बाकाजवळ उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. माझ्याकडे बघून फक्त हनुवटी हलवली. मी म्हटलं, "अक्कांनी फेरे बरोबर भरले होते. चूक माझी होती." निम्म्या लोकांनी वळूनही बघितलं नाही. एवढी वर्षं मी या माणसांशी बोलले ते ड्रॉइंगवर बोट ठेवून. त्यांना ऐकू जाईल असं मी कधी बोललेच नव्हते.

"मोट्यानं," अक्का म्हणाल्या. "मालक मोट्यानं बोललं हुतं."

मी पुन्हा म्हटलं. आता टेम्पोवाले वळले. "धा न्हवं, अकरा?" त्याच पलीकडच्या गाळ्यातल्या बाईने विचारलं.

"अकरा," मी म्हटलं. "प्रत्येक कॉइलमध्ये अकरा. मी स्वतः बघितले. चुंबक मी चुकीचं घेतलं, आणि मला ते गुरुवारीच कळलं होतं."

शेवटचा भाग अक्कांनी मागितलेला नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग बाकावर बसल्या, हात पुढे केला आणि गाडेवाल्याला म्हणाल्या, "एक कट च्या दे रं. मॅडमचा बी घाल, पैसं त्याच देनार हायती."